काबूलची तिजोरी आणि डोंगरांतील बंदुका

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजीं विजय मिळविणारा अहमदशहा अब्दाली दिल्लीस ठाण मांडून कां बसला नाहीं, हा प्रश्न महाराष्ट्रांत अनेक पिढ्यांनीं विचारलेला आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग त्याच्याच छावणींत सांपडतो. विजयी फौजेचा पगार थकला होता. शिपाई घराकडे परत जाण्याची घाई करीत होते. आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत शहाला दिल्ली सोडून उत्तरेकडे वळावें लागलें. मराठ्यांच्या एवढ्या प्रचंड सेनेचा ज्यानें पाडाव केला, तो स्वतःच्या सैन्यापुढें हतबल झाला, हें ऐकावयास चमत्कारिक वाटतें खरें. पण अफगाणिस्तानांतील बंडें आणि यादवी युद्धें यांचा उलगडा करावयाचा असेल तर येथूनच आरंभ करणें सोयीचें आहे.

तो देश डोंगरांचा. हिंदुकुश पर्वताच्या रांगांनीं त्याचे तुकडे तुकडे पाडलेले आहेत. नदीकांठच्या अरुंद खोऱ्यांत जें पिकेल त्यावर गांवें कशीबशीं पोसलीं जातात. राजधानीच्या तिजोरींत भर पडावी एवढें त्यांतून उरत नाहीं. अब्दालीला १७४७ मध्यें कंदाहार येथें सरदारांनीं एकत्र येऊन राजा केलें. त्या दुराणी सरदारांच्या जमिनींवर कराचा बोजा नांवाचाच होता; त्याच्या बदल्यांत त्यांनीं घोडेस्वार द्यावयाचे असत. मग राज्याचा खर्च चालावा कसा? तो पंजाब, काश्मीर, मुलतान आणि सिंध या सुपीक प्रांतांच्या वसुलांतून चालत असे. म्हणजे काबूल-कंदाहारची गादी हिंदुस्थानच्या पैशावर उभी होती, आणि ती राखणाऱ्या बंदुका मात्र टोळ्यांच्या हातीं होत्या.

आपण मराठींत ‘लष्कर’ म्हणतों तें बारमाही पगारी सैन्य. पठाणी मुलुखांत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें टोळीच्या पंचायतीनें, म्हणजे जिर्ग्यानें, ठरविलें कीं घराघरांतून माणसें स्वतःची बंदूक आणि चार दिवसांची भाकर घेऊन बाहेर पडतात; हा जमाव म्हणजे लष्कर. काम झालें, अगर भाकर संपली, अगर कापणीचे दिवस आले, कीं तें विरघळून जातें. त्याला वेतन नाहीं. लूट हेंच त्याचें वेतन. असलें लष्कर राजाला गादीवर बसवूं शकतें आणि खालीं ओढूंहि शकतें; मात्र त्याच्या जोरावर रोजचा राज्यकारभार चालवितां येत नाहीं. ही अडचण काबूलच्या प्रत्येक राज्यकर्त्याच्या वांट्यास आली.

अब्दालीचा मुलगा तैमूरशहा १७९३ मध्यें वारला. त्याला वीसांहून अधिक पुत्र होते, एवढें सांगितलें म्हणजे पुढील पंचवीस वर्षांची कल्पना येईल. झमानशहाचे डोळे सावत्र भाऊ महमूद यानें काढविले. महमूदला शुजानें हांकलून लावलें. शुजाला पुन्हां महमूदनें पळवून लावलें आणि लाहोरास आश्रयाला गेलेल्या शुजापासून १८१३ मध्यें रणजितसिंगानें कोहिनूर हिरा मिळविला. महमूदला दोनदां गादी मिळवून देणारा वजीर फत्तेखान बारकझाई याचेहि डोळे काढून १८१८ मध्यें त्याला हालहाल करून मारण्यांत आलें. हीं क्रौर्यें इतिहासकार चवीनें सांगतात. त्यामानानें दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. याच काळांत मुलतान, काश्मीर आणि अखेर पेशावर हे वसुलाचे प्रांत शिखांच्या हातीं गेले, आणि भाऊबंद ज्या गादीसाठीं एकमेकांचे डोळे काढीत होते तिचें उत्पन्नच नाहींसें झालें.

पुढें इंग्रजांनीं त्याच शुजाला १८३९ मध्यें आपल्या संगिनींच्या आधारानें काबूलास नेऊन बसविलें. हिंदुस्थानच्या तिजोरींतून खर्च चालला होता, तोंवर वरवर शांतता राहिली. काबूलहून जलालाबादकडे जाणाऱ्या घाटांवर पूर्वेकडील घिलझाई टोळ्यांचा ताबा होता; वाट मोकळी ठेवण्याबद्दल त्यांच्या मुख्यांना ठराविक रक्कम मिळत असे. १८४१ च्या शरदऋतूंत काटकसरीचा हुकूम सुटला आणि ही रक्कम निम्म्यावर आणण्यांत आली. घिलझाईंनीं घाट अडविले. २ नोव्हेंबर रोजीं काबूलांत उठाव होऊन अलेक्झांडर बर्न्स मारला गेला. जानेवारी १८४२ मध्यें सुमारें साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फांतून माघारीं निघाले. १३ जानेवारीस डॉक्टर ब्रायडन हा एकटा युरोपियन घोड्यावरून जलालाबादच्या तटापाशीं पोंचला. कांहीं कैदी आणि थोडे हिंदी शिपाई पुढें जिवंत सांपडले. इतकी महाग काटकसर इतिहासांत क्वचितच झाली असेल.

हा धडा ज्यानें पुरता ओळखला तो अमीर अब्दुर रहमान. १८८० पासून १९०१ पर्यंत त्यानें राज्य केलें. १८८३ पासून इंग्रज सरकार त्याला वर्षाला १२ लाख रुपये देत असे. १८९३ मध्यें सरहद्दीचा करार झाल्यावर हा आंकडा १८ लाखांवर गेला. त्या पैशांतून आणि त्याबरोबर आलेल्या शस्त्रांतून त्यानें पगारी फौज उभारली आणि एकामागून एक बंडें मोडून काढलीं : १८८६ सालचें घिलझाईंचें, १८८८ मधील चुलतभाऊ इशाकखानाचें, आणि १८९१ ते १८९३ या वर्षांतील हजारा लोकांचें. या शेवटच्या मोहिमेंत हजारांच्या जमिनी हिसकावून घेण्यांत आल्या आणि हजारों स्त्रीपुरुष गुलाम म्हणून विकले गेले. त्याला ‘पोलादी अमीर’ म्हणतात. पोलाद पुरविणारा कारखाना मात्र सरहद्दीच्या अलीकडे होता.

आतां १९१९ सालाकडे यावयाचें. अमीर हबीबुल्ला शिकारीच्या छावणींत मारला गेला आणि त्याचा तरुण मुलगा अमानुल्ला गादीवर आला. त्यानें इंग्रजांशीं युद्ध पुकारलें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत रावळपिंडी येथें तह होऊन परराष्ट्रव्यवहाराचें स्वातंत्र्य मिळविलें. साऱ्या पूर्वेकडील देशांत त्याचें नांव झालें. पण त्याच तहानें इंग्रजांचें वार्षिक द्रव्यसाहाय्य बंद झालें आणि थकलेली बाकीहि बुडाली. स्वातंत्र्याची ही किंमत नव्या राजानें हंसत दिली. ती पुढें वसूल व्हावयाची होती ती मात्र शेतकऱ्याकडून.

अमानुल्लाला शाळा हव्या होत्या, रस्ते हवे होते, लिखित कायदा हवा होता. १९२३ मध्यें त्यानें देशाला पहिली राज्यघटना दिली. गुलामगिरी रद्द केली. धान्याच्या रूपानें दिला जाणारा सारा आतां रोख नाण्यांत मागण्यांत येऊं लागला. सैन्यांत पाठवावयाचीं माणसें आजवर टोळीचे वृद्ध निवडीत असत. नव्या पद्धतीप्रमाणें आठांतून एक या हिशेबानें नांवें सरकारी कचेरींत निघूं लागलीं, आणि प्रत्येक पुरुषानें ओळखपत्र बाळगावें असें ठरलें. शहरांतील वाचकाला यांत वावगें कांहींच दिसणार नाहीं. पण मंगल टोळीच्या मुखत्याराला त्यांत आपलें मुखत्यारपण गेलेलें दिसत होतें, आणि शेतकऱ्याला दारांत उभा असलेला कारकून दिसत होता. त्या कारकुनाच्या हाताला कांहीं चिकटल्याशिवाय काम होत नसे, हें त्या काळच्या साऱ्या तक्रारींत येतें.

१९२४ च्या वसंतांत खोस्त भागांत पहिला भडका उडाला. त्याचा पुढारी ‘मुल्ला-इ-लंग’ म्हणजे लंगडा मुल्ला या नांवानें प्रसिद्ध आहे. विवाहविषयक नव्या कायद्यावरून ठिणगी पडली. मुल्ला एका हातांत कुराण आणि दुसऱ्या हातांत सरकारी कायद्याचें पुस्तक धरून ‘यांतलें कोणतें घेतां?’ असें जमावाला विचारी, असें सांगतात. कर आणि सैन्यभरती यांचा राग आंत होताच. बंड मोडावयास जवळजवळ वर्ष लागलें, दुसऱ्या टोळ्यांना बोलवावें लागलें, इंग्रजांकडून विमानें घ्यावीं लागलीं. मुल्लाला व त्याच्या साथीदारांना १९२५ मध्यें ठार करण्यांत आलें. राजानें काबूलांत देहमझंग येथें या विजयाचा स्तंभ उभारला आणि त्याला नांव दिलें ‘ज्ञान आणि अज्ञान यांचा मनोरा’. या नांवांत अमानुल्लाचा सारा स्वभाव आला. आपल्याला विरोध करणारा तो अज्ञानी, एवढेंच त्याला समजलें. तो काय म्हणतो आहे हें ऐकण्याची त्याला गरज वाटली नाहीं.

डिसेंबर १९२७ मध्यें राजा आणि राणी सुरैया युरोपच्या दौऱ्यावर निघालीं. वाटेंत मुंबईस त्यांचें मोठें स्वागत झालें. इजिप्त, इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान, इराण असा प्रवास करून जुलै १९२८ मध्यें तीं परत आलीं तीं नव्या उत्साहानें भारावूनच. पघमान येथें भरलेल्या महासभेला देशभरांतून आलेल्या दाढीवाल्या प्रतिनिधींना काळे कोट, पाटलोणी आणि टोप्या घालून बसविण्यांत आलें. आठवड्याची सुटी शुक्रवारऐवजीं गुरुवारीं ठेवण्यांत आली. राणीनें बुरखा दूर केला. त्या वर्षाच्या बंडाची हकीकत सांगतांना पुष्कळ लेखक राणीच्या उघड्या चेहऱ्यापाशींच थांबतात. गोष्ट रंगतदार होते, यांत शंका नाहीं. पण ती अपुरी आहे. धर्मगुरूंचा संताप खरा होता. शोर बाजारच्या प्रतिष्ठित हजरत घराण्यांतील पुरुषांना राजानें तुरुंगांत टाकलें, त्यानें तो वाढलाहि. तथापि हा संताप दडपून टाकण्यासाठीं लागते ती फौज याच काळांत पोखरली गेली होती. शाळा आणि नव्या राजधानीचे वाडे यांसाठीं पैसा हवा म्हणून शिपायाच्या रोख पगाराला कात्री लागली होती, आणि जो उरला तोहि वरिष्ठांच्या बोटांतून गळत खालीं येई. असा शिपाई कोणासाठीं मरणार?

नोव्हेंबर १९२८ मध्यें जलालाबादच्या दक्षिणेस शिनवारी टोळीनें सरकारी चौक्या घेतल्या, आणि थोड्याच दिवसांत जलालाबाद येथील राजवाडा जाळला गेला. राजधानींत होती ती फौज तिकडे धाडण्यांत आली. एवढ्यांत उत्तरेकडून, काबूलपासून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवरून, दुसरेंच संकट आलें. कलकान गांवच्या एका पाणक्याचा मुलगा हबीबुल्ला हा पूर्वीं राजाच्याच नमुनेदार पलटणींत शिपाई होता. नोकरी सोडून तो वाटमाऱ्या झाला होता. लोक त्याला ‘बच्चा-इ-सक्काव’, म्हणजे पाणक्याचा पोर, म्हणत. शिनवाऱ्यांशीं लढण्यासाठीं माणसें हवीं म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनीं त्याच्याशीं समेट केला आणि त्याला बंदुका दिल्या. त्याच बंदुका घेऊन १४ डिसेंबर रोजीं तो काबूलवर चालून आला. पहिला हल्ला परतला; सरदार जखमी झाला. जानेवारींत तो पुन्हां आला, तेव्हां त्याला अडविणारें फारसें कोणी उरलें नव्हतें.

१४ जानेवारी १९२९ रोजीं अमानुल्लानें राज्यत्याग केला. पानिपतचीच तारीख, हा केवळ योगायोग, पण मराठी मनाच्या ध्यानांत राहण्यासारखा. बर्फांतून मोटारीनें तो कंदाहारला निघून गेला. त्याचा वडील भाऊ इनायतुल्ला तीन दिवस राजा होता. नंतर इंग्रजी विमानानें त्याला पेशावरला पोंचविण्यांत आलें. २३ डिसेंबर ते २५ फेब्रुवारी या दोन महिन्यांत, कडक हिंवाळ्यांत, इंग्रजांच्या विमानदळानें निरनिराळ्या देशांचे ५८६ लोक काबूलहून उडवून आणले. जगांतील एवढ्या मोठ्या प्रमाणावरचें हें पहिलेंच हवाई स्थलांतर समजलें जातें. काबूलांत शिक्षक असलेले बंगाली लेखक सय्यद मुजतबा अली यांनीं त्या दिवसांची हकीकत पुढें ‘देशे बिदेशे’ या पुस्तकांत लिहिली.

पाणक्याचा मुलगा राजा झाला आणि त्यानें ‘पैगंबराच्या धर्माचा सेवक’ असें बिरुद घेतलें. त्यानें नवे कर माफ केले, शाळा बंद केल्या, सक्तीची भरती उठविली. गांवें खूष झालीं. परंतु महिन्या-दोन महिन्यांत त्यालाहि तोच प्रश्न पडला जो त्याच्या आधींच्या सर्वांना पडला होता. आपल्या माणसांना द्यावयाचें काय? जमिनीचा कर सोडला, बाहेरचें कोणतेंहि राष्ट्र पैसे देईना, लढाईमुळें व्यापार थांबला. मग काबूलच्या व्यापाऱ्यांना आणि जुन्या अधिकाऱ्यांना पकडून, मारहाण करून पैसे काढण्यास सुरुवात झाली. नऊ महिन्यांच्या या राजवटीला केवळ दरोडेखोरांची राजवट म्हणून झिडकारण्याचा प्रघात आहे. तो अन्यायाचा आहे असें म्हणवत नाहीं. तरी ताजिक शेतकऱ्यांच्या एका प्रांताला काबूलच्या सत्तेंत प्रथमच वांटा मिळाला होता, ही बाब पठाणी राजघराण्यांनीं लिहविलेल्या बखरींत दिसत नाहीं. उलट मध्यभागचे हजारा लोक महिनोनमहिने त्याच्याशीं लढत राहिले, कारण त्यांना गुलामींतून सोडविणारा राजा अमानुल्ला होता.

अमानुल्लानें कंदाहारहून परत चढाई केली. एप्रिलांत तो गझनीपर्यंत आला. पण घिलझाई टोळ्यांनीं वाट अडविली. २३ मे रोजीं त्यानें सरहद्द ओलांडली. मुंबईंत जूनच्या आरंभीं त्याला मुलगी झाली. तिचें नांव ठेवण्यांत आलें ‘इंडिया’. त्याच महिन्यांत मुंबईच्या बंदरांतून तें कुटुंब इटलीकडे निघून गेलें आणि अमानुल्ला पुन्हां कधीं राजा झाला नाहीं. १९६० मध्यें तो परदेशांतच वारला.

ज्या मुंबईहून एक राजा गेला, त्याच मुंबईस त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत दुसरा उतरला होता. जनरल नादिरखान फ्रान्सहून बोटीनें आला, पेशावरवरून खोस्तांत शिरला आणि आपल्या भावांसह टोळीटोळीच्या जिर्ग्यांपुढें बोलत सहा महिने हिंडला. त्याच्यापाशीं पैसा नव्हता. अनेकदां लष्कर जमलें आणि विरघळलें. अखेर शरदऋतूंत सरहद्दीच्या इंग्रजी बाजूचे वझीरी आणि मसूद लोक त्याला येऊन मिळाले, आणि ऑक्टोबर १९२९ मध्यें त्याचा भाऊ शहावली काबूलांत शिरला. त्या वेळीं नादिरचें स्वतःचें कुटुंब किल्ल्यांत शत्रूच्या कैदेंत होतें, तरी किल्ल्यावर तोफा डागण्यांत आल्या. कुटुंब वांचलें. विजयी लष्कराला द्यावयास पैसा नव्हता. त्यानें काबूल शहर लुटलें. बच्चाला अभय देऊन बोलावण्यांत आलें आणि १ नोव्हेंबर रोजीं सोबत्यांसह ठार करण्यांत आलें. अमानुल्ला, इनायतुल्ला, जलालाबादेस स्वतःला राजा म्हणविणारा अली अहमदखान, बच्चा आणि नादिर अशीं पांच राजांचीं नांवें एका वर्षांत घेतलीं गेलीं.

नादिरशहानें अमानुल्लाच्या चुकांपासून जें शिकावयाचें तें शिकून घेतलें. ज्या दक्षिणी टोळ्यांनीं त्याला गादी दिली त्यांना सैन्यभरतींतून आणि करांतून सूट मिळाली. १९३१ मध्यें इंग्रजांकडून दहा हजार बंदुका व रोख मदत मिळाली, तिच्यांतून फौज पुन्हां उभी राहिली. १९३३ मध्यें शाळेच्या बक्षीससमारंभांत एका विद्यार्थ्यानें गोळी घालून त्याचा खून केला. पण गादी डळमळली नाहीं. त्याचा मुलगा झहीरशहा यानें चाळीस वर्षें राज्य केलें. गांवांकडून थोडें मागावयाचें आणि बाहेरून पुष्कळ आणावयाचें, हें या चाळीस वर्षांच्या शांततेचें मर्म होय. १९५० नंतर रशिया आणि अमेरिका हे दोघेहि पैसे ओतूं लागले, आणि राजाला एकाकडून रस्ता तर दुसऱ्याकडून धरण मिळूं लागलें.

पुढील हकीकत वर्तमानपत्रांच्या वाचकांस बरीच परिचित आहे. एप्रिल १९७८ मध्यें सत्ता बळकावणाऱ्या साम्यवादी पक्षानें जमिनींचें आणि हुंड्याचें फर्मान एकाच वर्षांत काढलें; मार्च १९७९ मध्यें हेरात शहर उठलें आणि तेथील सरकारी पलटण बंदुकांसह बंडवाल्यांस मिळाली. डिसेंबरांत रशियन फौजा आल्या. १५ फेब्रुवारी १९८९ रोजीं त्या परत गेल्या, तेव्हां राष्ट्राध्यक्ष नजिबुल्ला चार महिनेहि टिकणार नाहीं असा जाणत्यांचा होरा होता. तो तीन वर्षें टिकला, कारण मॉस्कोहून धान्य, तेल आणि नोटा येत होत्या. १९९२ च्या आरंभीं तो ओघ आटला; पगारावर पोसलेला उत्तरेकडील सेनानी दोस्तम फिरला आणि एप्रिलांत राजधानी पडली. नव्या सरकारचे पहिले अध्यक्ष सिबगतुल्ला मुजद्दिदी हे शोर बाजारच्या त्याच हजरत घराण्यांतले, हें येथें आठवतें. मुजाहिदांचे निरनिराळे गट मग काबूलच्या गल्ल्यांवर आपसांत लढले; १९२९ मध्यें लूट झाली होती, या वेळीं शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले अग्निबाणांनीं जमीनदोस्त झाले. गांवोगांवच्या वाटांवर प्रत्येक नायक सांखळी बांधून आपली जकात घेऊं लागला. १९९४ मध्यें कंदाहारकडे तालिबान उदयास आले तेव्हां व्यापाऱ्यांनीं त्यांचें स्वागत केलें, त्याचें मोठें कारण म्हणजे त्यांनीं या सांखळ्या तोडल्या. २७ सप्टेंबर १९९६ रोजीं त्यांनीं काबूल घेतलें.

२००१ मध्यें अमेरिकेनें त्यांना हुसकलें आणि वीस वर्षें त्या देशाच्या सरकारचा बहुतेक खर्च बाहेरून चालला. २०२१ च्या उन्हाळ्यांत परदेशी फौजा निघूं लागल्या. कित्येक ठाण्यांवरील शिपायांना महिनोन् महिने पगार पोंचला नव्हता. गांवचे वृद्ध मध्यें पडले, बंदुका खालीं ठेवण्याच्या अटी ठरल्या, आणि एकामागून एक जिल्हे बहुधा लढाईवांचूनच गेले. १५ ऑगस्ट रोजीं तालिबान राजधानींत आले. देशाच्या मध्यवर्ति बँकेचे सुमारें ७ अब्ज डॉलर अमेरिकेंत होते. ते तेथेंच अडकवून ठेवण्यांत आले. काबूलच्या तिजोरींत नव्या राज्यकर्त्यांना फारसें कांहीं सांपडलें नाहीं. त्यांनीं प्रथम सरहद्दीवरील जकातनाके ताब्यांत घेतले होते.